धागा: ठाणे-नवी मुंबईत भाड्यासाठी फ्लॅट घेतला तर महिन्याला हातात नक्की किती उरतं?

हिशोबवही

भाड्यासाठी घर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "एरिया कुठला घेऊ?" तो प्रश्न या धाग्यात थोडा मागे ठेवू. आधी सगळे खर्च वजा करून महिन्याला किती रुपये उरतात, ते मांडू. दलालाच्या तोंडी जो साडेतीन टक्के परतावा असतो, तो वर्षाचं भाडं भागिले करारातली किंमत असा काढलेला असतो. त्यात मुद्रांक शुल्क नसतं, रिकामे महिने नसतात, मेंटेनन्सही नसतो.

खारघर-कामोठे पट्ट्यातला रीसेलचा १ बीएचके डोळ्यांसमोर ठेवून एक उदाहरण घेतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला) असलेली इमारत, किंमत ६० लाख, भाडं १७,००० मेंटेनन्ससकट. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालावेत.

घरात शिरेपर्यंत लागणारे पैसे:
करारातली किंमत ६०,००,०००
मुद्रांक शुल्क ७ टक्के ४,२०,०००
नोंदणी ३०,००० (१ टक्का, पण कमाल ३० हजार)
दलाली १ टक्का ६०,०००
सोसायटी हस्तांतरण २५,०००
वकील, शोध अहवाल २०,०००
रंग, पंखे, गिझर, किचन ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या १,५०,०००
एकूण ६७,०५,०००. सिडकोचं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) शुल्क लागत असेल तर ते याच्यावर.

आता वर्षाची आवक. १७,००० गुणिले १२ म्हणजे २,०४,०००. त्यातून वर्षाला एक महिना रिकामा धरा, राहिले १,८७,०००. मेंटेनन्स २,२०० दराने २६,४००. मालमत्ता कर ५,०००. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी १,८००. दुरुस्ती ८,०००. दोन वर्षांतून एकदा एका महिन्याची दलाली, म्हणजे वर्षाला ८,५००. करारनाम्याचा खर्च १,५००.

उरले १,३५,८००. महिन्याला साधारण ११,३००.

हे ६७ लाखांवर भागा. बरोबर दोन टक्के येतात. दलालाचे साडेतीन (खरं तर ३.४) इथे येईपर्यंत दोन होतात. पुढची सगळी चर्चा या दोनचे तीन किंवा साडेतीन कसे करायचे आणि त्यासाठी कुठला धोका पत्करायचा, एवढ्यावर व्हावी अशी विनंती.

नवाकोरा

यात कर्ज धरलेलं दिसत नाही. ८० टक्के कर्ज काढलं तर स्वतःचे कमी गुंततात ना? मग परतावा वाढायला हवा.

हिशोबवही

कर्जाचा व्याजदर घराच्या निव्वळ परताव्यापेक्षा कमी असेल तरच कर्जाने परतावा वाढतो. इथे घर देतंय २ टक्के आणि बँक घेणार ८ ते ९. म्हणजे कर्जाचा प्रत्येक लाख दरवर्षी सहा-साडेसहा हजारांचा खड्डा करतो.

८.५ टक्के आणि २० वर्षांसाठी दर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. ६० लाखांच्या ८० टक्के म्हणजे ४८ लाख, हप्ता ४१,६६४. घरातून येणार ११,३००. दर महिन्याला पगारातून ३० हजार घालावे लागतील, तेही २० वर्षं. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढलं तरी पहिली दहा वर्षं तूट भरून निघत नाही.

हप्ता आणि निव्वळ भाडं पहिल्या दिवसापासून जुळवायचं असेल तर कर्ज १३ लाखांच्या वर जाता कामा नये. म्हणजे ६७ पैकी ५४ लाख स्वतःचे. ज्याच्याकडे एवढे नाहीत, त्याने हे घर भाड्याच्या उत्पन्नासाठी म्हणून घेऊ नये. किंमत वाढेल या आशेवर घ्यायचं असेल तर तो वेगळा निर्णय आहे, त्याचं गणितही वेगळं.

बँक किती देते याबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. आणि 'किंमत' म्हणजे घराची. मुद्रांक आणि नोंदणी त्यात धरत नाहीत. वरच्या उदाहरणात १२ लाख डाउन पेमेंटसोबत आणखी ७ लाख रोख लागतात. व्यवहार इथेच अडकतो, टोकन देऊन झाल्यावर.

सनदी_लेखा

कराचा भाग मी घेतो, कारण तोही २ टक्क्यांत नाही.

घरभाड्याच्या उत्पन्नात आलेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि मग कर्जाचं व्याज. मेंटेनन्स, दुरुस्ती, दलाली यांची वेगळी वजावट नाही, ती त्या ३० टक्क्यांतच आली. १,८७,००० वजा ५,००० म्हणजे १,८२,०००. त्याचे ३० टक्के ५४,६००. करपात्र १,२७,४००. कर्ज नसलेला, ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस यावर उपकरासह सुमारे ३९,७५० कर भरेल. १,३५,८०० मधून तेवढे गेले की हातात ९६,०००. म्हणजे १.४ टक्के.

आता कर्जाची बाजू. ४८ लाखांवर पहिल्या वर्षी व्याज चार लाखांच्या आसपास, म्हणजे या शीर्षकाखाली पावणेतीन लाखांचा तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळते करता येतात आणि उरलेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्यापुरतंच वजा होतं. तोटा पगारातून वळता होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. "कर्ज काढ, टॅक्स वाचेल" हा सल्ला जुन्या प्रणालीच्या काळातला आहे. आज बहुतेक पगारदार नव्या प्रणालीत आहेत.

दोन व्यवहारी गोष्टी. भाडं १७,००० मेंटेनन्ससकट लिहिण्याऐवजी करारात १४,८०० भाडं लिहा आणि २,२०० मेंटेनन्स भाडेकरूने थेट सोसायटीच्या खात्यात भरायचं असं कलम घाला. भाडेकरूला तेवढेच पडतात, तुमचं करपात्र भाडं कमी होतं. वरच्या टप्प्यातल्या माणसाचे वर्षाला पाच हजारांच्या वर वाचतात. मात्र पैसे खरोखर त्याच्या खात्यातून सोसायटीकडे गेले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, बायकोच्या नावावर घर घेण्याबद्दल. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, ६० लाखांवर ६० हजार. पण पैसे नवऱ्याचे असतील तर भाड्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. मुद्रांक वाचतो, आयकर वाचत नाही.

शिवाय किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का लागूच होत नाही, तिथे बराच मोठा दर आणि वेगळी पद्धत आहे. सौद्याआधी विचारून घ्या.

तलावपाळी

ठाण्याबद्दल लिहितो. घोडबंदर रोडला नव्या संकुलांत मेंटेनन्स हाच भाड्याचा मोठा शत्रू आहे. जलतरण तलाव, क्लबहाऊस, चार-चार लिफ्ट, मलनिस्सारण प्रकल्प, सुरक्षारक्षक. ४५० चौरस फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) घराला चार-पाच हजार मेंटेनन्स लागला की महिन्याच्या भाड्याचा पाचवा हिस्सा तिथेच गेला. भाडेकरू मात्र क्लबहाऊससाठी तेवढं जास्त देत नाही. त्याला स्टेशनला जायची सोय, पाणी आणि उजेड लागतो.

पाण्याचं तर विचारूच नका असं म्हणून सोडू नका, विचाराच. घोडबंदरच्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. मागच्या बारा महिन्यांची मेंटेनन्सची बिलं आणि वार्षिक सभेचा ताळेबंद मागा. त्यात 'टँकर पाणी' या शीर्षकाखाली किती गेलेत ते पाहा. मार्च ते जून आणि ऑगस्टचं बिल शेजारी ठेवलं की खरं चित्र कळतं. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते त्या निधीत) किती शिल्लक आहे तेही त्याच ताळेबंदात असतं. इमारत २० वर्षांची आणि फंड रिकामा असेल तर लिफ्ट बदलताना किंवा बाहेरून प्लास्टर करताना फ्लॅटमागे लाख-दीड लाखाची वर्गणी येणार, आणि ती मालकाला भरावी लागते.

भाडं कार्पेटवर मिळतं. जाहिरातीत ६५० लिहिलेलं असतं आणि टेप लावली की ४१० भरतं. स्वतः मोजा: हॉल, बेडरूम, किचन, पॅसेज वेगळा. पॅसेज मोठा असलेलं घर कागदावर मोठं दिसतं, पण राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. भाड्यासाठी ३८० ते ४२० कार्पेटचा, दोन टॉयलेट नसले तरी डब्ल्यूसी आणि बाथरूम वेगळं असलेला १ बीएचके लवकर उठतो. एकाच वेळी चार माणसांना सकाळी आवरायचं असतं, हे त्यामागचं साधं कारण.

सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. स्लॅबची गळती सोसायटीच्या जबाबदारीत येते खरी, पण समितीने ठराव करून, कोटेशन मागवून काम करेपर्यंत दोन पावसाळे जातात. त्या काळात भाडेकरू टिकत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो. घर पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जा आणि खिडकीच्या खालचा कोपरा, टॉयलेटच्या मागची भिंत, कपाटाच्या आतली बाजू हाताने चाचपा. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर ती पुन्हा पुन्हा पाहा.

पार्किंगवाला_प्रश्न

पार्किंग नसलेला फ्लॅट भाड्यासाठी चालेल का?

तलावपाळी

नौपाडा, चरई, स्टेशनजवळ चालतो, तिथला भाडेकरू लोकलने जातो. कासारवडवली, ओवळा, गायमुखला अडचण येते. आणि 'पार्किंग दिलंय' म्हणजे काय दिलंय ते पाहा. बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टची (इमारतीखालची खांबांमधली) जागा फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. जुन्या मालकाने साध्या कागदावर घेतलेलं 'पार्किंग' सोसायटीच्या वाटपाच्या नोंदीत नसेल तर तुम्हाला मिळणार नाही.

खाडीपलीकडे

नवी मुंबईत कागद वेगळे असतात. ठाण्याच्या अनुभवावर इथे व्यवहार करू नये.

जमीन सिडकोची, भाडेपट्टा ६० वर्षांचा. म्हणून फ्लॅट विकताना सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क लागू आहे का, हे प्रत्येक इमारतीच्या कागदांवरून बदलतं. सिडकोने बांधलेली घरं, बिल्डरने भूखंड घेऊन बांधलेल्या सोसायट्या आणि साडेबारा टक्के योजनेतल्या (जमीन संपादित झालेल्या प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) भूखंडांवरच्या इमारती, हे तीन वेगळे प्रकार. शुल्क कोणी भरायचं हे विसारपावतीतच लिहा. तोंडी "ते आम्ही बघू" असलं की शेवटच्या दिवशी घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या बाबतीत मूळ प्रकल्पग्रस्त, त्याचे सगळे वारस, मध्ये ज्याला भूखंड विकला तो आणि बिल्डर ही साखळी तुटक असू शकते. सिडको, मूळ धारक आणि नवा घेणारा यांच्यातला त्रिपक्षीय करार नोंदणीकृत आहे का ते पाहा. वारसांपैकी एका बहिणीची सही राहिलेली असली तर ती पंधरा वर्षांनीही दावा लावू शकते.

गावठाणातल्या इमारती. घणसोली, कोपरखैरणे, तळवली, सारसोळे, जुहूगाव. निम्म्या किमतीत घर, भाडं मात्र सेक्टरमधल्या घराच्या पाऊण. कागदावर परतावा ५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. सेक्टरपेक्षा दीडपट परतावा दिसला की आधी भोगवटा प्रमाणपत्र मागा, बहुधा नसतं. राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही, म्हणजे पुढे विकताना घेणाराही रोखीचाच लागेल. आणि पाडकामाची नोटीस आली तर भाडं, मुद्दल दोन्ही जातं. दिघ्यातल्या इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेली कारवाई सगळ्यांनी पाहिली आहे. इकडे शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. अशा घरात दुसऱ्याचं कुटुंब ठेवून भाडं घेणं हा नुसता आर्थिक प्रश्न राहत नाही.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे अजून एक तपासणी हवी. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि मालमत्ता कराची आकारणीही त्या तारखेपासूनची आहे. बऱ्याच घरांवर त्या काळापासूनची थकबाकी साठलेली आहे, कारण लोक सिडकोचं सेवा शुल्क भरत होते आणि दुहेरी आकारणीवरून वाद चालू राहिला. थकबाकी घराला चिकटते, विकणाऱ्याला नाही. मालमत्ता क्रमांक घेऊन महापालिकेच्या संकेतस्थळावर स्वतः बिल काढा, आणि करारात 'ताबा देईपर्यंतचे सर्व कर विकणाऱ्याने भरायचे' एवढ्यावर न थांबता रक्कम लिहून शेवटच्या हप्त्यातून वळती करा.

उलवे_सेक्टर

नुसता आजचा परतावा पाहून चालणार नाही असं मला वाटतं. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, नेरूळ-उरण लोकल सुरू झाली, विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. उलवे, द्रोणागिरी इथे भाडं वाढणारच.

हिशोबवही

भाडं वाढेल, मान्य. पण किंमत त्याच्या आधी वाढून बसली आहे. पूल, मेट्रो, विमानतळ यांची नुसती घोषणा झाली तरी किमती हलतात. भाडं मात्र त्या भागात कामाला येणारी माणसं प्रत्यक्ष राहायला आली की हलतं. मधल्या काळात जो घेतो त्याचा परतावा सर्वांत कमी असतो. उलव्यात शेजारी-शेजारी दहा नव्या इमारतींचा ताबा एकाच वर्षी मिळाला की गुंतवणूकदारांचे सगळे रिकामे फ्लॅट एकदमच भाड्याला येतात आणि भाडेकरू हजार-हजाराने सगळ्यांना खाली आणतो. संध्याकाळी साडेआठला इमारतीखाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर रिकामा काळ वर्षाला एक महिना न धरता तीन धरा.

त्याउलट ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे पट्ट्यात कामाची ठिकाणं आजच भरलेली आहेत. तिथे फ्लॅट रिकामा राहायचे दिवस कमी, कारण रात्रपाळीचा माणूस जवळ राहण्यासाठी पैसे मोजतो.

कोर्टकचेरी

कराराबद्दल, कारण नंतरच्या नव्वद टक्के कटकटी इथे टाळता येतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरते" हे चूक आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

नोंदणीचा मोठा फायदा कलम २४ चा. मुदत संपून घर सोडलं नाही तर दिवाणी दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नोंदणीकृत करार नसेल तर हा मार्ग अवघड होतो.

खर्च फार नाही. १७,००० भाडं, ६०,००० अनामत, २२ महिने असा करार घ्या. भाडं ३,७४,०००. परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून २२ महिन्यांचे ११,०००. बेरीज ३,८५,०००, त्याचे पाव टक्का म्हणजे ९६२ रुपये मुद्रांक. महापालिका हद्दीत नोंदणी १,०००, ऑनलाइन दस्तहाताळणी ३००. दोघांचं आधार, अंगठा आणि दोन साक्षीदार असले की घरी बसून होतं. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले तर नोंदणीचे हजार दोनदा जातात, म्हणून भाडेकरू चांगला असेल तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करून भाडेवाढ टक्केवारीने आतच लिहा.

मुदत मात्र मे-जूनमध्ये संपेल अशी बसवा. शाळा-कॉलेजची अदलाबदल तेव्हा होते. डिसेंबरमध्ये रिकामं झालेलं कुटुंबाचं घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोंबकळू शकतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे सोसायटीसाठी म्हणून करू नका. आयुक्तालयाचा मनाई आदेश असतो आणि माहिती न दिल्यास मालकावर गुन्हा नोंदवतात. ऑनलाइन अर्जाची पोच जपून ठेवा.

नवाकोरा

सोसायटीने भाडेकरू ठेवायला परवानगी नाकारली तर? आमच्याकडे पाहिलेल्या एका इमारतीत नॉन-ऑक्युपन्सी दोन हजार सांगितलं.

कोर्टकचेरी

आदर्श उपविधींप्रमाणे आगाऊ परवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलीस पोच देऊन कळवायचं असतं. नॉन-ऑक्युपन्सी १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. इथे 'सेवा शुल्क' म्हणजे सगळं मेंटेनन्स बिल नव्हे. कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी बाजूला ठेवून जे राहतं ते. २,२०० च्या बिलात सेवा शुल्क १,५०० असेल तर नॉन-ऑक्युपन्सी १५० रुपये. दोन हजार मागत असतील तर लेखी हरकत घ्या, उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. हस्तांतरण अधिमूल्यही महापालिका क्षेत्रात २५ हजारांपर्यंतच. 'स्वेच्छा देणगी' म्हणून दोन लाख मागणाऱ्या समितीची इमारत असेल तर घेण्याआधीच समजलेलं बरं.

गाळेधारक

दुकानाबद्दल कोणी बोललं नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरचं लहान दुकान ५० लाखांत आणि भाडं २२,००० धरा. ढोबळ परतावा ५.३ टक्के. पण दुकान रिकामं झालं की सहा महिने सहज जातात. तीन वर्षांतून एकदा सहा महिने रिकामं धरलं तर वर्षाची सरासरी आवक २,२०,०००, म्हणजे ४.४. कर आणि मेंटेनन्स जाऊन साडेतीनच्या जवळपास. तरी फ्लॅटपेक्षा बरं.

याच्या अडचणी वेगळ्या. कर्ज कमी टक्के, जास्त व्याज, दहा-पंधरा वर्षांचंच. महिलांची मुद्रांक सवलत निवासीलाच. मालमत्ता कर व्यापारी दराने. भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत आणि मालक नोंदणीकृत नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून १८ टक्के जीएसटी भाडेकरूने भरायचा आहे. सौद्याच्या वेळी तो हे धरूनच भाडं पाडतो. आणि दुकानाचा उंबरा रस्त्याच्या पातळीला आहे का ते पाहा. तीन पायऱ्या चढाव्या लागल्या की किराणा, दूध, औषधं यांतला कुणी घेत नाही, उरतात क्लास आणि इस्टेट एजंट.

वागळे इस्टेट, महापे, तुर्भे, रबाळेचे औद्योगिक गाळे घेताना एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी आणि त्याचं शुल्क दोन्ही विचारा. विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवला तर भूखंडाच्या अटीचा भंग होतो.

सानपाडा_लोकल

२ बीएचके घेऊन खाटांवर मुलं ठेवली तर? सहा खाटा, साडेसहा हजारांनी ३९,००० होतात. कुटुंबाला दिलं तर २८,००० मिळतात.

हिशोबवही

सरासरी एक खाट रिकामी, म्हणून ३२,५००. वीज, इंटरनेट, झाडू-फरशीची बाई हे मालकाकडे, ७,५०० धरा. राहिले २५,०००. त्यावर खाटा, गाद्या, कपाटं, वॉशिंग मशीन यांचे दीड-दोन लाख आधी घालायचे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. ३०० युनिटच्या पुढे गेलं की एसीवाल्या घराचं बिल अंदाजाच्या बाहेर जातं. कुटुंबाचे २८,००० जास्त निव्वळ आहेत. खाटांचा हिशेब जमतो तो पाच-सहा फ्लॅट एकत्र चालवणाऱ्याला, एका फ्लॅटवाल्याला नाही.

तीन नोकरदार मुलींना किंवा मुलांना एकाच करारावर पूर्ण घर देणं मात्र चांगलं चालतं. करारात तिघांचीही नावं घाला आणि भाड्याची जबाबदारी तिघांची एकत्रित लिहा. नाहीतर एक सोडून गेला की दोघं दोन-तृतीयांश भाडं देऊ लागतात.

तलावपाळी

जुन्या इमारतींबद्दल थोडं. नौपाडा किंवा वाशी-नेरूळमधली ३०-३५ वर्षांची घरं. स्टेशनजवळ, मेंटेनन्स हजार-बाराशे, रिकामी राहत नाहीत, म्हणून निव्वळ परतावा नव्या संकुलापेक्षा चांगला पडतो. मात्र ३० वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. अहवालात वर्ग कोणता आलाय ते विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करावी लागते. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी मध्ये माणसं राहत असताना दुरुस्ती होते. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहून कर्जाची मुदत कापते, हप्ता वाढतो. पुनर्विकासाला गेली तर बिल्डर महिन्याचं भाडं देतो, पण ते किती महिन्यांचं आगाऊ आणि बँक हमी आहे का, हे करारात नसेल तर तुमचा सगळा हिशेब बिल्डरच्या चेकवर उभा राहील.

विकणारा मूळ मालकाचा वारस असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नामनिर्देशित म्हणून नाव चढलंय एवढ्यावर पैसे देऊ नका. नामनिर्देशित माणूस विश्वस्त असतो. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं.

नवाकोरा

मग ६० लाखांऐवजी किती किमतीला घ्यावं हे उलटं कसं काढायचं?

हिशोबवही

हवा असलेला निव्वळ परतावा ठरवा. समजा ३ टक्के. वर्षाला उरणारे १,३५,८०० भागिले ०.०३ म्हणजे ४५ लाख २६ हजार. ही घरात शिरेपर्यंतची एकूण रक्कम. यातून डागडुजीचे दीड लाख, नोंदणी ३०, वकील २०, सोसायटी २५ हजार बाजूला काढा, ४३ लाखांच्या आसपास उरतात. त्याला १.०८ ने भागा, कारण ७ टक्के मुद्रांक आणि १ टक्का दलाली. सुमारे ३९ लाख ८० हजार. १७ हजार भाड्याच्या घराला एवढ्यापर्यंत किंमत द्या.

मुद्रांक करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचं (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराचं) मूल्य, जे जास्त असेल त्यावर लागतो. म्हणून घासाघीस करून किंमत रेकनरच्या खाली आणली तरी मुद्रांक कमी होत नाही, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर त्या फरकावर घेणाऱ्याला आयकरही लागतो. विसार देण्याआधी त्या झोनचा दर संकेतस्थळावर पाहून घ्या.

नवाकोरा

कामोठ्यात ४० लाखांत १७ हजार भाड्याचं घर मिळत नाही, तीन महिने पाहतोय. १ आरके दिसतोय, २८ लाख, भाडं १०,०००, मेंटेनन्स ९००, इमारत २००८ ची, भोगवटा प्रमाणपत्र आहे.

हिशोबवही

हा जवळ येतो. मुद्रांक १,९६,०००, नोंदणी २८,००० (१ टक्का, ३० हजारांच्या आत), दलाली २८,०००, बाकी सव्वा लाख. एकूण ३१ लाख ७७ हजार. अकरा महिन्यांचे १,१०,०००, त्यातून मेंटेनन्स १०,८००, कर ३,०००, दलाली ५,०००, दुरुस्ती ५,०००, करार आणि नॉन-ऑक्युपन्सी मिळून २,२००. उरले ८४,०००. २.६ टक्के. २६ लाखांपर्यंत खाली आला तर २.८ होतो.

पनवेल महापालिकेची २०१६ पासूनची बाकी किती आहे तेवढं आधी काढा. तो आकडा घेऊनच किमतीचं बोलायला बसा.

नवाकोरा

काढली. मूळ कर आणि शास्ती मिळून ३८,००० दाखवतंय. विकणाऱ्याकडे विषय काढतो, आणि शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), सिडकोची कागदपत्रं यांच्या प्रती मागवून घेतो.

खाडीपलीकडे

प्रतींसोबत मूळ कागदही डोळ्यांनी पाहा. मूळ करार बँकेत आहे असं म्हणाला तर कर्ज चालू आहे. मग बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि जमा कागदांची यादी घ्या, आणि तेवढी रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या बचत खात्यात नको.